पोटातली वस्ती

जंतू म्हटले की आपल्याला आजारच आठवतो. पाण्यात जंतू झाले, जखमेत जंतू झाले, हात न धुता जेवल्यामुळे पोटात जंतू गेले. दवाखान्याच्या भिंतीवरही तेच लिहिलेले असते आणि त्यात खोटे काही नाही. कॉलरा, विषमज्वर, हगवण यांनी आपल्या वस्त्यांतली किती लेकरे नेली, हे जुन्या माणसांना विचारावे. पण आता टीव्हीवर वेगळीच जाहिरात लागते. छोट्याशा बाटलीत 'चांगले जिवाणू' भरून विकायला आले आहेत आणि रोज एक बाटली प्यायली की पोट ठणठणीत राहते म्हणे.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून अनेक वर्षे वॉर्डात काम केले आणि आता गारखेडा परिसरातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. महिला मंडळाच्या बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "सिस्टर, चांगले जंतू खरंच असतात का? आणि ती बाटली लेकराला द्यावी का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो, असतात. दुसऱ्याचे उत्तर, त्या पैशांचे हरभरे आणा. असे का म्हणतो, ते या लेखात मांडत आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे. पोटातले चांगले जिवाणू टिकवायला चार गोष्टी लागतात: आईचे दूध, चोथा असलेले वेगवेगळे अन्न, विनाकारण न घेतलेली औषधे आणि स्वच्छ पाणी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी थोड्याफार आपल्या हातात आहेत. चौथी मागून, भांडूनच मिळवावी लागेल.

आत कोण राहते?

आधी एक खुलासा. जंत वेगळे आणि जिवाणू वेगळे. जंत म्हणजे पोटात होणारे किडे, ते डोळ्यांना दिसतात आणि ते काढायलाच हवेत. शाळेत-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती जरूर घ्यावी. जिवाणू इतके बारीक असतात की ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे मोजदाद केली तर आपल्या अंगात आपल्यापेक्षा तेच जास्त. सगळे मिळून वजन मात्र पाव किलोही भरत नाही. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

ते तिथे फुकट राहत नाहीत. आपण ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली, तर पिठूळ भाग आणि प्रथिने लहान आतड्यात पचतात. उरतो तो चोथा. तो पचवण्याची साधने आपल्या शरीरात नाहीत, ती या जिवाणूंकडे आहेत. ते चोथा आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरेट नावाचे आम्ल म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य जेवण. अस्तर धडधाकट असले की घाण रक्तात शिरत नाही. शिवाय हे जिवाणू 'के' जीवनसत्त्व आणि 'ब' गटातली काही जीवनसत्त्वे बनवतात. रोगजंतू आला तर त्याला बसायला जागा आणि खायला अन्न मिळू देत नाहीत. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला राहू द्यायचे, हे शरीराची प्रतिकारशक्ती लहानपणी बऱ्याच अंशी त्यांच्या संगतीत शिकते.

ही वस्ती सगळ्यांची सारखी नसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपल्या लोकांच्या पोटात प्रिव्होटेला नावाचे जिवाणू पाश्चात्त्य लोकांपेक्षा बरेच जास्त आढळतात, असे त्यांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसले. धान्य, डाळी आणि भाजीपाला खाणाऱ्यांच्या पोटात हे जिवाणू वाढतात. याच केंद्राने २०१२ मध्ये एका छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आजोबांच्या, बापाच्या आणि नातवाच्या पोटातले प्रमाण वयाप्रमाणे बदलत जाते, असे त्यात आढळले. पुढे २०२३ मध्ये जगातल्या वीस देशांतल्या हजारो नमुन्यांवरून असे दिसले की, एका घरात राहणारी माणसे, नात्याची असोत वा नसोत, एकमेकांचे जिवाणू घेत-देत असतात.

आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या सावलीचाही विटाळ होतो, असे नियम ज्यांनी केले त्यांच्या पोटातही जिवाणूच होते, आणि ते माणसांकडूनच आलेले होते. पवित्र आतडे कोणाचेच नसते.

पहिला घास आईचा

बाळ जन्मताना त्याला पहिले जिवाणू आईच्या अंगातून मिळतात. सिझेरियनने जन्मलेल्या बाळाला सुरुवातीला आईच्या आतड्यातले जिवाणू कमी आणि दवाखान्यातले जास्त मिळतात, असे ब्रिटनमधल्या सुमारे ६०० बाळांच्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसले. हा फरक पुढच्या काही महिन्यांत बराचसा भरून निघतो. तेव्हा ज्या आईचे सिझेरियन झाले तिने मनाला लावून घेऊ नये. गरजेचे सिझेरियन आईचा आणि बाळाचा जीव वाचवते. पण गरज नसताना होणाऱ्या सिझेरियनबद्दल आपण प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यात १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि खासगीत ४७.४ टक्के. इतका मोठा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडतो, हे पटण्यासारखे नाही.

नंतर येते आईचे दूध. त्यात अशा काही साखरा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग त्या दुधात कशाला? तर बाळाच्या पोटातल्या बायफिडो जिवाणूंसाठी. म्हणजे आई एकाच वेळी बाळालाही पाजते आणि त्याच्या पोटातल्या रखवालदारांनाही. वरच्या दुधात या साखरा नावापुरत्याच असतात.

तरीही आपल्याकडे अजून काही घरांत चिकाचे दूध पिळून टाकतात. बाळाला आधी मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी देतात, पुढे गुटी सुरू करतात. त्याच पाहणीत देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेले आढळले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हा नियम पाळणे म्हणजे बाळाच्या पोटातली वस्ती नीट बसू देणे. सासूबाईंना हे समजावून सांगण्याची जबाबदारी एकट्या सुनेवर टाकू नये. ती नवऱ्याने घ्यावी.

चांगल्या जिवाणूंनी नवजात बाळे वाचू शकतात, हे आपल्याच देशात दिसले आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक चाचणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या बाळांना जन्मानंतर काही दिवसांतच सुरू करून सात दिवस एक ठरावीक जिवाणू आणि त्याला लागणारे खाद्य दिले. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते, दिलेल्यांमध्ये ५.४ टक्के. पण ही बाळे अंगावर पिणारी होती, जिवाणू वर्षानुवर्षे पारखून निवडलेला होता आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला होता. मेडिकलवर मिळणारी कोणतीही पुडी आणून बाळाला चाटवावी, असा अर्थ यातून काढू नये.

लाल रेघ ओलांडू नका

आता या वस्तीवर नांगर कसा फिरतो ते पाहू. लेकराला जुलाब लागले की आपण मेडिकलवर जातो. चिठ्ठी नसते. काउंटरवरचा माणूस दोन-तीन पट्ट्या कापून देतो, त्यात एक अँटिबायोटिक असते. दोन दिवसांत जुलाब थांबतात आणि आपण म्हणतो, गोळीचा गुण आला. खरे तर लहान मुलांचे बहुतेक पातळ जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. जुलाब आपोआप थांबणार होते. गोळीने मारले ते मुख्यतः आतले चांगले जिवाणू.

ते लगेच भरून येत नाहीत. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र अँटिबायोटिके देऊन पाहिली. दीड महिन्यात बरीचशी वस्ती पुन्हा बसली, पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांच्या पोटात सापडल्या नाहीत. ही धट्ट्याकट्ट्या माणसांची गोष्ट. वर्षातून चार-पाच वेळा गोळ्या खाणाऱ्या दीड वर्षाच्या लेकराचे काय होत असेल?

जुलाबावर खरे औषध साधे आणि स्वस्त आहे. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस, आणि झिंकची गोळी १४ दिवस: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे रोज २० मिलिग्रॅम. पाकीट घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवायचे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो माणसे वाचवली. इतकी वर्षे झाली, तरी कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळाले ६०.६ टक्क्यांना आणि झिंक फक्त ३०.५ टक्क्यांना. हे दोन्ही आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवे. तिथे नसेल तर का नाही, हे विचारा.

आमच्या बोलण्याचा उलटा अर्थही कोणी घेऊ नये. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, बाळ मलूल पडून पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. न्यूमोनिया, विषमज्वर, क्षयरोग यांत अँटिबायोटिकच जीव वाचवते. क्षयाच्या गोळ्या तर एक दिवसही चुकवायच्या नाहीत. 'पोटातले चांगले जंतू मरतात' म्हणून कोणी टीबीचे औषध सोडले, तर ते जिवावर बेतेल. आमचा विरोध आहे तो विनाचिठ्ठीच्या गोळीला. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचे नाही आणि विकायचेही नाही. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद स्वतंत्र वहीत ठेवण्याचे बंधन दुकानदारावर आहे. कायदा आहे, त्याची आठवण गिऱ्हाइकानेच करून द्यायची वेळ आली आहे.

भाकरीची लाज कशाला?

मराठवाड्यात पूर्वी काय खात होते? ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगे, मठ, तूर, हरभरा, अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी, ताक, आंबील. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात करून ठेवली आहे. ते वाचताना कळते की हे अन्न कौतुकाने निवडलेले नव्हते. जे वाट्याला आले, जे रानात फुकट मिळाले, जे दुसऱ्यांनी नाकारले, ते खाऊन माणसे जगली. म्हणून 'गरिबाचे अन्नच भारी' असली भाषा आम्ही करणार नाही. अर्धपोटी माणसाला जिवाणू वाचवत नाहीत. चोथ्यातून रक्त वाढत नाही. त्यासाठी अंडी, मांस, मासे, दूध, डाळी पुरेशा लागतात, आणि कोणी काय खावे हे इतरांनी ठरवू नये.

पण हेही खरे की, चार पैसे हातात आले तेव्हा आपण भाकरीची लाज बाळगू लागलो. पाहुणे आले की चपाती-भात, मुलाच्या डब्यात पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट, बाळाला चहात बुडवून बिस्कीट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा, न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही साधारण तेवढाच. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र तीनच्याही आत. म्हणजे चपाती दोषी नाही. पीठ चाळून कोंडा म्हशीला घालणे आणि मैद्याची बिस्किटे लेकराला घालणे, हा दोष आहे. अख्ख्या हरभऱ्यात तर चोथा २५ ग्रॅमच्या आसपास असतो. त्या जाहिरातीतल्या बाटलीपेक्षा ओंजळभर हरभऱ्यांची उसळ का बरी, ते यात आले. बाटलीतले जिवाणू बहुतेक वाटसरू असतात, चार दिवस राहून निघून जातात. घरचे ताक-दहीही तसेच. ते चांगले, रोज घ्यावे. पण कायमच्या रहिवाशांना जेवायला चोथाच लागतो.

कुपोषित लेकरांच्या बाबतीत तर एक मोठी गोष्ट गेल्या काही वर्षांत समजली. आफ्रिकेतल्या मलावी देशात जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एकच आई, एकच घर, एकच जेवण, तरी एक मूल सुजून कुपोषित आणि दुसरे बरे. त्यांच्या पोटातली जिवाणूंची वस्ती वेगळी होती. कुपोषित मुलांच्या पोटातली वस्ती वयाच्या मानाने कच्ची राहते, असे नंतर ढाक्यात दिसले. मग तिथल्या मिरपूर वस्तीत शास्त्रज्ञांनी या जिवाणूंना वाढवणारे अन्न बनवले. त्यात काय होते? हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्चे केळे. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. एक ते दीड वर्षाच्या, मध्यम कुपोषित मुलांचे वजन या अन्नाने नेहमीच्या तयार पाकिटापेक्षा चांगले वाढले, आणि तेही कमी उष्मांकात. या चारही वस्तू आपल्या बाजारात मिळतात. मराठवाडा तर सोयाबीन पिकवतो आणि बाहेर पाठवतो. आमच्या अंगणवाडीच्या ताटात हे का येत नाही, हा प्रश्न पोषण आहाराचे कंत्राट ठरवणाऱ्यांना विचारायचा आहे. आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच का, भागाप्रमाणे ज्वारी-बाजरी आणि डाळ का नाही, हाही.

पाण्यावाचून सगळे व्यर्थ

वरचे तिन्ही नियम पाळले, तरी एका ठिकाणी सगळे अडते. आपल्या शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही, ही सवय शहराने वर्षानुवर्षे लावून घेतली. १६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. त्यानंतरही वस्त्यांमधले ड्रम काही हलले नाहीत. ज्याच्याकडे गच्चीवर टाकी आहे, शुद्धीकरणाचे यंत्र आहे, त्याचे निभते. पत्र्याच्या खोलीत प्लास्टिकच्या ड्रममध्ये आठ दिवसांचे पाणी साठवायचे, त्यात दहा हात बुडणार, शेजारून नाली वाहणार. घाणीचे जंतू थोडे-थोडे रोज पोटात जात राहतात. प्रत्येक वेळी जुलाब होतीलच असे नाही. पण लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक कोंब असतात, ते झिजतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मूल जेवते, तरी वाढत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची साधारण ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यामागे अपुरे अन्न आहे, पण हे झिजलेले आतडेही आहे.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: आईला शिकवा. पाणी उकळा, हात धुवा, क्लोरीनचे थेंब टाका. हे आम्हीही सांगतो आणि सांगत राहू. कारण बांगलादेशात याने जुलाब कमी झाले, हे मोठ्या अभ्यासात दिसले. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात, आणि केनियातल्या त्याच्या जोडीच्या अभ्यासातही, घरोघरी क्लोरीन, शौचालय आणि हात धुण्याची सोय देऊनसुद्धा मुलांची उंची काही वाढली नाही. आईच्या माथी सगळे मारून भागत नाही, असा आम्ही याचा अर्थ घेतो. घाणीचा संपर्क पूर्ण तुटायला घरात रोजचे नळाचे पाणी आणि झाकलेली गटारे लागतात. ते काम महापालिकेचे आणि शासनाचे आहे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, ते पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी. आज तळे बंद नाही, पण शुद्ध पाणी पैसेवाल्याच्या घरी आणि ड्रमचे पाणी वस्तीत, हा भेद उरलाच आहे. त्याची किंमत आपल्या लेकरांची आतडी मोजत आहेत.

तेव्हा वाचकांना आमची विनंती आहे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत या विषयाला अर्धा तास द्या. वस्तीतल्या मेडिकलवाल्याला सगळ्यांनी मिळून सांगा की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणार नाही आणि त्यानेही देऊ नये. प्रत्येक गल्लीत एका घरी ओआरएस आणि झिंक ठेवा आणि ते घर सगळ्यांना माहीत असू द्या. बाळंतिणीच्या घरी जाताना बिस्किटांच्या पुड्याऐवजी शेंगदाणे, हरभरे, अंडी न्या. आणि नळाला पाणी कोणत्या तारखेला आले, याची वही वस्तीत ठेवा. तीन महिन्यांची ती वही घेऊन आम्ही वॉर्ड कार्यालयात जाणार आहोत. जास्तीत जास्त आयाबहिणींनी आणि बापांनीही सोबत यावे.